सीटखालची ऊब

गाडीतला जुना अ‍ॅम्प्लिफायर विकत घ्यावा का, असं हल्ली आमच्याकडे कुणी ना कुणी विचारतं. विचारतात आमच्या ह्यांना, पण उत्तर देताना हे माझ्याकडे बघतात, आणि मग प्रश्न माझ्या गळ्यात पडतो. मी एवढंच म्हणते, की तो कुठे बसवणार आणि त्याच्यावर कोण बसणार, ते आधी सांगा. आमच्या गाडीत तो डावीकडच्या पुढच्या सीटखाली होता, आणि त्या सीटवर माझी आई बसायची.

आमचे हे भोसरीच्या एका कारखान्यात मशिन शॉपला होते. निवृत्त झाल्यावर माणसं टेकडीवर जातात, मोठमोठ्याने हसायच्या क्लबात जातात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून भांडतात. ह्यांना यातलं एकही जमलं नाही. ह्यांनी जुने अ‍ॅम्प्लिफायर शोधायला घेतले. म्हणजे गाडीतल्या टेपच्या आवाजाला जोर देणारे ते धातूचे जड डबे, ज्यांच्या पाठीवर कंगव्यासारखे दात असतात. तरुणपणी एका मित्राच्या गाडीत ह्यांनी असा एक ऐकला होता, तेव्हा ऐपत नव्हती. आता ऐपत आली तोवर डबे म्हातारे झाले. पण जुनं ते सगळं दणकट आणि नवीन ते सगळं भंगार, अशी एकदा माणसाची खात्री पटली की बायकोने गप्प बसावं. मी बसले नाही, पण उपयोगही झाला नाही.

तो डबा ह्यांना जुन्या बाजारात मिळाला. मी बरोबर होते. एका ताडपत्रीवर नळ, फुटके मिक्सर आणि बिनजोडीचे बूट मांडले होते, त्यांच्या मधोमध तो पडला होता. ह्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला तेव्हा ह्यांचा चेहरा असा काही झाला, की आमच्या मुलीला पहिल्यांदा उचलतानाही तो तसा झाला नव्हता. मी वाकून खालची बाजू बघितली. तिथे तळहाताएवढा काळा डाग होता आणि फोडणी करपल्यासारखा वास येत होता, जुना, मुरलेला.

मी विक्रेत्याला विचारलं, की हा आधी कुणाकडे होता आणि त्यांनी का काढला. त्याला ठाऊक नव्हतं. डागाचं विचारलं तर म्हणाला, "ताई, जुनं आहे म्हटल्यावर डाग असणारच."

हे वाक्य मी विसरले नाही. हे मात्र पिशवीत डबा घालून स्कूटरकडे निघालेसुद्धा होते.

तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडून ह्यांनी तो उघडून घेतला. आतले फुगलेले भाग बदलले, धूळ काढली, नवीन टाके मारले. मी विचारलं, तापणार किती? तो म्हणाला, हे असे डबे तापतातच, त्यांचा स्वभावच आहे. हात ठेवता येईल इतका तापला तर काळजी नाही. हात कितीतरी तापलेल्या वस्तूवर ठेवता येतो, मी रोज तवा उचलते. पण ते बोलून दाखवलं असतं तर दोघांनी मिळून माझी टिंगल केली असती.

आता आईचं सांगायला हवं. आई आमच्याकडे कोथरूडला राहते. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तो पाय नीट वाकत नाही, आणि कान जवळजवळ गेलेले. कानाचं यंत्र तिला सोसत नाही, घातलं की म्हणते डोक्यात कुणीतरी चमचे धुतंय. त्यामुळे घरात आम्ही सगळे तिच्याशी ओरडून बोलतो आणि शेजारच्यांना आमचं सगळं ठाऊक असतं. तिच्या तरुणपणी ती ज्या बाईंकडे गाणं शिकायची, त्यांच्या मागे बैठकीला तंबोऱ्यावर आई बसायची. स्वतः फार गायली नाही. एका बैठकीची कॅसेट तेवढी उरली होती. ह्यांनीच ती कुठूनतरी नव्या पद्धतीने उतरवून आणली आणि घरातल्या स्पीकरवर लावली. बाईंचा आवाज येत होता. तंबोरा कुठेच नव्हता. आई थोडा वेळ कान देऊन बसली आणि म्हणाली, "बंद करा. मी नाहीये त्यात."

डबा गाडीत बसला तो सीटखाली, कारण डिकी आईच्या वॉकरने आणि घडीच्या खुर्चीने भरलेली. त्यातही हौस बघा, तिच्याच सामानाला जागा ठेवायची म्हणून तिच्याच खाली ठेवला. बॅटरीपासून करंगळीएवढी जाड वायर ह्यांनी स्वतः ओढली, पायपुसण्याखालून, सीट ज्या रुळावर मागेपुढे सरकते त्याच्या अगदी कडेने. काम सुबक झालं होतं. वायर कुठेच दिसत नव्हती. दिसत असती तर बरं झालं असतं.

पहिल्याच रविवारी आईला घेऊन निघालो. कर्वे पुतळ्यापाशी सिग्नल लागला आणि ह्यांनी ती बैठक लावली. मी मागे बसले होते. मला आधी काहीच वेगळं वाटलं नाही. मग खालून, पायांतून, तंबोऱ्याचा सूर यायला लागला. आईने डॅशबोर्डवर तळहात टेकला. मान खाली घातली. डेक्कनपर्यंत तिने तो हात काढला नाही, आणि उतरताना ह्यांना म्हणाली, "जावईबापू, खर्जाची तार किंचित उतरलेली होती. तेव्हा बाई मला त्यावरून बोलल्या होत्या." हे खुळ्यासारखे हसत होते. मी खरं सांगते, मलाही रडू आलं.

तेव्हापासून घरात दोन पक्ष झाले. एकीकडे आई आणि हे, दुसरीकडे मी एकटी. दर रविवारी सकाळी गाडी निघायची. आईला बसवायचं म्हणजे एक सोहळा असायचा. पाय वाकत नसल्यामुळे सीट पूर्ण मागे सरकवायची, तिने आडवं बसायचं, मग पाय आत घ्यायचे, मग तिला समोर टेकता यावं म्हणून सीट पुढे. उतरताना पुन्हा मागे. हे ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. इतक्या मायेने करायचे, की सोसायटीतल्या बायका मला म्हणायच्या, जावई असावा तर असा. आणि दर वेळी ती सीट त्या रुळावरून, त्या वायरीच्या कडेने, मागे जायची आणि पुढे यायची.

मला वास यायला लागला तो गणपतीच्या सुमारास. फार नाही, एखादी झुळूक. मी म्हटलं, काहीतरी करपतंय. हे म्हणाले, बाहेरचं आहे. पुण्यात बाहेर काही ना काही जळतच असतं, कचरा, टेम्पोचा क्लच, कुणाची तरी मिसळ. मी काच वर करायला लावली, वास राहिला. मग ह्यांनी डब्यावरचा फ्यूज काढून दाखवला, शाबूत होता. "काही गडबड असती तर हा आधी उडाला असता," असं म्हणून तो परत बसवला. चाळीस वर्षं मशिनींत काढलेल्या माणसाला मी काय सांगणार? पण त्या गाडीत बसले की माझी पाठ सीटला टेकत नसे. कधी गाडी उभी असताना डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकल्यासारखा वाटायचा. मी मागून आईच्या डोक्याकडे बघत राहायचे. पांढरा अंबाडा, स्वस्थ.

खंडेनवमीला ह्यांनी गाडी आतबाहेर धुतली. अवजारांची पूजा, म्हणून पान्यांच्या संचाबरोबर सीटखालच्या डब्यालाही हळदकुंकू लागलं. बॉनेटवर झेंडूचा एवढा मोठा हार. दसरा झाल्यावर ते सगळं काढलं, हार, आपट्याची पानं, देव्हाऱ्यातली फुलं, आणि आईने एका कापडी पिशवीत भरलं. निर्माल्य कचऱ्यात टाकलेलं तिला चालत नाही. म्हात्रे पुलाशी नदीकाठी निर्माल्य कलश आहे, तिथेच ते गेलं पाहिजे. आम्ही रविवारी जाणारच होतो, म्हणून ह्यांनी पिशवी गाडीत ठेवली. डिकीत वॉकर. मागे मी. मग पिशवी गेली आईच्या सीटखाली, डब्याला लागून. त्या रविवारी पुलावर गर्दी होती, थांबता आलं नाही. पुढच्या रविवारी लक्षात राहिलं नाही. नंतर कुणालाच राहिलं नाही. झेंडू वाळून खडखडीत झाला असणार.

थंडी पडली तशी आईची एक नवीन सवय सुरू झाली. गाडीत बसायच्या आधी ती सोलापुरी चादरीची घडी सीटवर ठेवायला लावायची. आधी एक घडी, मग दोन. मी विचारलं तर म्हणाली, गुडघ्याला उंच बसलेलं बरं पडतं. पायातल्या चपलाही काढेनाशी झाली, एरवी गाडीत बसलं की पहिल्यांदा चपला काढायची. म्हातारपण, असं मी मनाशी म्हटलं. डॉक्टरांना विचारायचंही ठरवलं होतं.

भोगीच्या आदल्या दिवशी आम्ही मंडईत गेलो. भोगीच्या भाजीला आईला मंडईतलीच भाजी लागते, कोथरूडची चालत नाही, त्याला कारण विचारायचं नसतं. ह्यांनी गाडी फुलवाल्या बायकांच्या रांगेशी कशीबशी लावली. आई गाडीतच बसणार होती, किल्ली फिरवून तिची बैठक लावून दिली, काच बोटभर उघडी ठेवली. मी आत गेले. हे समोरच्या हातगाडीवर बोरं बघत उभे राहिले, गाडीपासून दहा-पंधरा पावलांवर, आईला दिसतील असे.

मी वाटाणा, घेवडा, गाजर, ओले हरभरे घेतले. तीळ राहिले होते. तेवढ्यात मला काय झालं कोण जाणे, तीळ न घेताच मी मागे फिरले. मनात काही आलं वगैरे म्हणत नाही. तो वास आला. इतक्या लांब, कोथिंबिरीच्या आणि माणसांच्या वासातून, तोच वास.

बाहेर आले तर आमच्या गाडीच्या त्या बोटभर फटीतून धूर येत होता. पांढरा, हळूहळू. कुणाचं लक्ष नव्हतं. संक्रांतीची गर्दी, जो तो पिशव्या सांभाळत होता. काचेच्या आत आई बसली होती. ताठ. डोळे मिटलेले, हात डॅशबोर्डवर. माझ्या हातातली भाजी कुठे पडली मला माहीत नाही. मी ह्यांच्या नावाने ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचं नाव मी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं.

हे धावत आले आणि दार उघडलं. धूर एकदम बाहेर आला. आईचा पाय सरळ पुढे, ती जागच्या जागी वळू शकत नव्हती. तिला काढायला एकच वाट होती, सीट मागे सरकवायची. ह्यांनी खालचा दांडा ओढला आणि सीट मागे ढकलली. खालून तडतड आवाज झाला, निळसर काहीतरी चमकलं आणि ती पिशवी भडकली. ज्वाळा सीटच्या दोन्ही बाजूंनी वर आल्या. आम्ही दोघांनी काखेत हात घालून आईला ओढलं, अक्षरशः पोतं ओढावं तशी. तिच्या पातळाचा काठ पेटला होता, तो मी हातांनी विझवला. एका फुलवालीने हार भिजवायची बादली सीटवर ओतली, मग दुसरीने. ह्यांनी बॉनेट उघडून पान्याने बॅटरीची वायर सोडवली. पाण्याबरोबर अर्धवट जळलेला झेंडू रस्त्यावर आला. ती फुलवाली त्या फुलांकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. काय समजली असेल ते तिलाच ठाऊक.

आईच्या पोटरीवर मोठा फोड आला होता. गुडघा वाचला. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं.

घरी आल्यावर हे दोन दिवस जेवले नाहीत. मग आपणहून सांगायला बसले. सीट मागेपुढे होताना रूळ वायरीचं साल थोडं थोडं कापत गेला. वायर आतून उघडी पडून गाडीच्या पत्र्याला लागायला लागली. फ्यूज डब्यावर होता, पण बॅटरीपासून डब्यापर्यंतची सगळी वायर फ्यूजच्या अलीकडे, तिला विचारणारं कुणीच नाही. फ्यूज बॅटरीच्या तोंडाशी हवा होता. "मीच तिला आगीवर बसवत होतो," असं म्हणून हे रडले. मला खूप बोलायचं होतं. ते सोडून मी ताट वाढून ह्यांच्यापुढे ठेवलं.

डबा मात्र धडधाकट राहिला. सीट जळाली, खालचा पत्रा काळा पडला, आणि तो मेला डबा पाण्यात भिजून, वाळून, गॅलरीत वर्तमानपत्रावर बसला होता. ह्यांनी बॅटरीला लावून बघितला, वाजत होता. मी म्हटलं, आजच्या आज घराबाहेर काढा. ह्यांनी कुठेतरी जाहिरात टाकली आणि कात्रजहून एक गृहस्थ बघायला आले. ह्यांच्याच वयाचे, तसेच निवृत्त, तसाच चेहरा. दोन्ही हातांनी डबा उचलून त्यांनी उलटा केला. काळा डाग आता दुप्पट झाला होता. हा कसला, असं त्यांनी विचारलं.

हे खाली बघत म्हणाले, "जुनं आहे म्हटल्यावर डाग असणारच."

त्या ताडपत्रीपाशी उभं राहून मी जे ऐकलं होतं, ते माझ्या हॉलमध्ये, माझ्या नवऱ्याच्या तोंडून निघालं होतं. या गृहस्थांची बायको कुठे बसत असेल, तिची आई कुठे बसत असेल, असं मनात आलं. मी तोंड उघडणार, इतक्यात आतल्या खोलीतून वॉकर टेकत आई आली. तिला ऐकू काही गेलं नव्हतं, पण डबा परक्या माणसाच्या हातात दिसला होता.

"तो विकायचा नाहीये," ती म्हणाली. ते गृहस्थ ओशाळले आणि डबा खाली ठेवून निघून गेले.

मग मी आईवर तुटून पडले. तोंडाला येईल ते बोलले, सगळं ओरडून, कारण आमच्याकडे दुसरी सोय नाही. मेली असतीस, म्हटलं. डोळ्यांदेखत जळून मेली असतीस. आईने शांतपणे माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

"मला कळत होतं," ती म्हणाली. "दिवाळीपासून सीट तापायची. म्हणून तर चादर घ्यायला लागले. वासही यायचा मला, कान गेलेत, नाक नाही गेलं. पण तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी काढायला लावला असतास."

"आणि मंडईत? धूर दिसला नाही तुला?"

"दिसला की. जावईबापूही दिसत होते समोर, काचेवर टकटक केली असती तरी आले असते." तिने पोटरीच्या पट्टीवरून हात फिरवला. "खर्जाच्या तारेवर मी होते. बाई समेवर यायच्या होत्या. म्हटलं, एवढं होऊ दे."

मी खाली फरशीवर बसले. मला इतका राग आला होता, की तिला गदागदा हलवावं, आणि इतकी भीती वाटत होती, की तिला धरून ठेवावं. यातलं मी काहीच केलं नाही. नंतर उठून कुकर लावला.

गाडी गॅरेजमधून नवीन सीट घालून आली. हे म्हणाले, आता नीट बसवता येईल, फ्यूज बॅटरीशी, वायर नळीतून. मी म्हटलं, नाही. म्हणजे नाही. ह्यांनी मान डोलावली. आईला ओरडून सांगितलं, तिनेही मान डोलावली. मला वाटलं, संपलं.

रविवारी सकाळी चहा घेऊन हॉलमध्ये आले. गॅलरीतलं वर्तमानपत्र रिकामं होतं. खाली पार्किंगमध्ये गाडीचं दार लावल्याचा आवाज आला. दाराजवळच्या खुर्चीत आई केव्हाची तयार होऊन बसली होती, पायात चपला, आणि मांडीवर चादरीची घडी.